आभाळातली लदेणी

राळेगावच्या बाजारात अय्यूब मिस्त्रीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या हातापेक्षा त्याची जीभ जास्त चालते, असं त्याची बायको जमिला म्हणायची. थाप मारताना त्याच्या मिशा आधी हसायच्या. ही एक गोष्ट सांगताना मात्र त्या कधी हलल्या नाहीत.

१९६५ चा उन्हाळा. बंजारा तांड्याचा नाईक धरमसिंग दुपारी दुकानापुढं सायकल टेकवून उभा राहिला.

"मिस्त्री, चाल. लालीकाकूचा रेडिओ तीन दिवसापासून मुका हाय."

"इथंच आनायचा ना मंग."

"हात लावू देत नाही कोनाले. अन् तीन दिवसापासून म्हातारी जेवली नाही. म्हनते, वरच्या पोराले इचारल्याशिवाय घास कसा घेऊ?"

"वरचा म्हनजे कोन?"

धरमसिंगनं आभाळाकडं बोट केलं आणि सायकलवर टांग मारली.

तांड्यात लालीबाईची झोपडी सगळ्यात शेवटची. तिच्यापुढं नुसता उजाड माळ. अय्यूब पोचला तेव्हा उन्हं कलली होती. आत भिंत नुकतीच सारवलेली, ओली. शेणाचा वास कोंदून राहिलेला. कोनाड्यात बॅटरीवरचा रेडिओ. लालीबाईला सारा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. ऐंशीच्या पुढची बाई, पण डोळे लख्ख.

"दिवस बुडायच्या आत कर, बापा," ती म्हणाली. "त्याचा सूर्य दिवसातून सोळा डाव बुडते. माह्यासंगं तो एकदाच बोलते, दिवेलागनीले."

"कोन बोलते, याडी?" रेडिओचं मागचं झाकण काढत अय्यूबनं विचारलं.

"कोनत्या मुलकाचा हाय मले काय मालूम! लोखंडी डब्यात घालून वर धाडलं लेकराले. तिथं कशालेच वजन नाही म्हने. पायावर भार नाही पडला का हाडं भुसभुशीत होतेत. तोंड सुजते, भूक मरते. अन् ज्याइनं धाडलं, त्याइनं हाका मारनं सोडून देलं."

"मंग तू काय करते?"

"लदेनीत करत होतो तेच."

तिचा बाप लदेणी करायचा, बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा. मुक्काम पडला की तांड्यातली जाणती बाई एकेका गड्याला नावानं विचारायची: जेवला का? पाणी पेला का? पाय चालतेत का? तेच ती आता वरच्याला विचारत होती. आणि वर सांगत होती: कमरेले पट्टा बांध, भिंतीले पायाचे तळवे लाव, डोंगर चढल्यावानी शंभर डाव रेट. तहान नसली तरी पानी पी.

"तीन दिवस इचारलं नाही," ती म्हणाली. "आजबी नाही इचारलं, तर तो सोडून देईन. सारंच."

अय्यूबच्या मिशा हसायला लागल्या होत्या. पण रेडिओच्या आत नजर गेली आणि तो थबकला. काचेचा व्हॉल्व जळून काळाठिक्कर. त्यावर कोळ्याचं जाळं, जाळ्यावर धूळ. हा रेडिओ तीन दिवसांपासून नव्हे, दोन-तीन वर्षांपासून मेलेला होता.

त्यानं बॅटरीच्या तारा सोडवल्या. तसला व्हॉल्व त्याच्या पेटीत नव्हताच.

दिवस बुडाला. लालीबाई कोनाड्यापुढं बसली. "जेवला का, बापा?"

काही नाही. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा. चौथ्यांदा तिचा आवाज फाटला. अय्यूबला ते बघवेना. तो हळूच बाहेर आला, भिंतीमागं गेला, तोंडावर रुमाल धरला आणि आवाज दाबून म्हणाला, "हो याडी... जेवलो. पानी पेलो. पायबी चालतेत..."

मग मोठ्या समाधानानं आत आला. लालीबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय केलं रे हे..."

"तुले बरं वाटावं म्हनून, याडी."

"लदेनीत कोनी कोनासाठी बोलत नाही! तापानं फनफनला तरी ज्याचं त्यानंच बोलावं लागे. दुसरा बोलला का त्याचं ओझं दुसऱ्याच्या बैलावर... अन् तो गडी मुक्कामाच्या झाडाखालीच राह्यला समज. सुटला तो."

तेवढ्यात रेडिओतून श्वास ऐकू आला.

अय्यूबनं सोडवलेल्या बॅटरीच्या तारा कोनाड्याखाली लोंबत होत्या. श्वास मात्र येत होता. सावकाश, ओलसर, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग शब्द आले. अय्यूबची मेलेली आई, बिस्मिल्लाबी, घरात बोलायची त्याच बोलीत.

"मेरी तरफ से... कौन बोला?"

अय्यूबनं रुमाल खिशात कोंबला.

"बोल दिया ना... तो अब मैं छोड़ दूँ? बहुत थक गया, बाबा..."

लालीबाईला तेच शब्द तिच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, ऐकू येत होते, हे त्याला पुढं कळलं. तिनं त्याचं मनगट पकडलं. "सांग त्याले. तुह्यानं सुटला, तूच धर."

"भाई..." अय्यूब कसाबसा म्हणाला. "वो मैं था. झूट बोला मैं. तेरा जवाब तूच दे. खाया क्या?"

"...नहीं."

"पाँव?"

"हिलते नहीं..."

अय्यूबनं चपला काढल्या, जमिनीवर पाठ टेकली आणि पायाचे दोन्ही तळवे ओल्या भिंतीला लावले. "मेरे साथ दबा. एक... दो..."

विसाला त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. चाळिसाला वरून, कुठून तरी, टाच आदळल्याचा बारीक आवाज आला. सत्तरनंतर त्याला दम लागला, तेव्हा लालीबाई मोजायला लागली. शंभराला आवाज दूर जाऊ लागला, वळणापलीकडं गेलेल्या एसटीसारखा. "पानी... पीता हूँ..." एवढं ऐकू आलं.

लालीबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

अय्यूबनं कंदील वर धरला. भिंतीवर त्याच्या तळव्यांचे ठसे होते. आणि त्यांच्या खूप वर, आढ्याजवळ, आणखी दोन होते. लांबट, पाखराच्या पायासारखे काटकुळे. बोटं वर आभाळाकडं.

त्यानंतर तो दर बाजाराला तांड्यावर जायचा. लालीबाई भिंत सारवायची, ठसे पुन्हा उमटायचे. महिन्याभरात ते भरत गेले. टाच उमटली, चवडा रुंद झाला. अय्यूबला त्याचा आनंद व्हायचा, आजारी भाऊ उठून बसावा तसा.

एका संध्याकाळी तो गेला, तर भिंतीच्या बुडाशी झाकलेलं ताट आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला होता.

"पाय," लालीबाई कुजबुजली.

ठशांची बोटं आता आभाळाकडं नव्हती. खाली वळली होती.

"काल एक वीत वर होते. रोज एक वीत खाली येते तो..."

अय्यूबनं बोटांपासून जमिनीपर्यंत हातानं मोजलं. सात विती उरल्या होत्या.