कोरा पट्टा

निगडीच्या बसस्टॉपवर विजयश्रीला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्या तरुणाने हात पुढे केला, झाकण उघडून दिलं आणि वर विचारलं, "मनगट कधीपासून दुखतंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझा धंदाच आहे तो," तो हसला. सलिल फिजिओथेरपिस्ट होता, दवाखाना चिखलीत.

चाकणच्या कंपनीत विजयश्री गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायची. शिफ्टभर तेच मनगट, तसंच फिरवायचं... दुखणारच की. ती दवाखान्यात गेली तेव्हा सलिलने मनगटाला बांधायचा पट्टा दिला, हलके व्यायाम शिकवले आणि बजावलं, "कामावर पट्टा काढायचा नाही. मध्येमध्ये हाताला विसावा द्यायचा."

दर मंगळवारी ती जाऊ लागली. तो तिचं एकेक बोट हळूच ताणायचा, तेव्हा दुखण्यापेक्षा तिला स्वतःच्या चेहऱ्याचीच धास्ती वाटायची. मेला चेहरा सगळं सांगून टाकायचा. परतताना बसमध्ये ती खुशाल मनात मांडे खायची.

महिन्याभराने सलिलने पट्टा उलटापालटा करून पाहिला. "इतका कोरा कसा? टेपचा चिकटा कुठंय?"

चोरी पकडली गेली. "लाईनवर घालतच नाही," ती मान खाली घालून म्हणाली. "कंत्राटावर आहे मी. पट्टा दिसला की म्हणतील, हिचा हात गेला. दुसऱ्या दिवशी घरी."

तो रागावला नाही. "भीती खरी आहे तुमची. पण असंच चाललं तर स्वतःची वेणीसुद्धा घालता येणार नाही. एकदा बोलून बघा... चिठ्ठी मी देतो."

चिठ्ठी तीन दिवस पर्समध्येच राहिली. चौथ्या दिवशी पट्टा बांधून ती सुपरवायझर बबनरावांपुढे उभी राहिली. चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

मंगळवारी तिने सांगितलं, "कामावरून काढलं नाही. दोन तास टेप, दोन तास तपासणीचं टेबल, असं आलटूनपालटून दिलंय."

सलिलचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. "छान. आता... पुढच्या वेळेपासून तुम्हाला शेजारच्या खोलीतल्या तनुजा मॅडम बघतील."

तिला फार वाईट वाटलं. पण बबनरावांपुढे बोललेली बाई इथं थोडीच गप्प बसणार? "का? माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही." तो पेनाशी चाळा करत राहिला. "पेशंटला चहाला विचारू नये... आणि मला तर विचारायचंय."

"मंगळवार लांब आहे," विजयश्री म्हणाली. "फाईल आजच द्या त्यांच्याकडं."