पटावरचं आठवं नाव

हसू नका, पण त्या दिवशी घरून निघताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की सुपरवायझर मॅडम येणार, चहाबरोबर द्यायला बिस्किटं घ्यायची. विनोदच्या दुकानात ती मिळाली. बाळांच्या डायपरच्या जागी मात्र त्यानं म्हाताऱ्यांचे डायपर लावले होते.

"बारकं पोर हायच कुठं वस्तीवर, राजश्रीबाई?" तो म्हणाला.

खरंच होतं. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर मी अंगणवाडी सेविका म्हणून लागले तेव्हा पटावर चौतीस मुलं होती. आता सात. लग्नं उशिरा, झालंच तर एक मूल, आणि कांदा काढायला बाहेरून टेम्पो भरून माणसं आणायची. आठ भरली नाहीत तर आमची अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडणार, असं कळलं होतं. म्हणजे माझं मानधन गेलं आणि खिचडी शिजवणाऱ्या धुरपदामावशीचंही. आमचे मालक वारल्यापासून माझी चूल त्या मानधनावरच पेटत होती.

म्हणून मी आठवं नाव लिहिलं. प्रांजल, वय एक वर्ष. आईचं नाव आणि आधार नंबर लागतो. मला माझ्या मोनिकाचा तेवढा पाठ होता. ती शिरूरला असते, नवराबायको दोघं कंपनीत. "आई, मूल परवडत न्हाई, विषय काढू नकोस," असं तिनं मला कधीच बजावलेलं. म्हटलं, कागदावर तरी नात होऊ दे! अशी मी आगाऊ.

दर महिन्याला प्रांजलचं वजन दोनशे ग्रॅमनी वाढवायचे. त्या सकाळी नऊ किलो सहाशे लिहिलं.

मॅडम दुपारी आल्या. "सगळ्यांची वजनं माझ्यासमोर घ्या."

वीज गेलेली. खोलीत खिचडीचा वास होता, आणि त्यात ओल्या लंगोटाचा. सातही मुलं चांगली मोठी. मला तो वास कळेना.

सात वजनं झाली. "प्रांजल कुठंय?"

आईबरोबर शिरूरला गेलीय, असं मी घोकून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात आढ्याला टांगलेल्या काट्याची कडी करकरली. तान्ह्यांना ठेवायची झोळी हळूहळू खाली ताणली गेली...

"बाई..." धुरपदामावशी कुजबुजली, "रिकामी झोळी हलवू नगा..."

"मी कुठं हलवतेय..."

मॅडम झोळीकडे वाकून म्हणत होत्या, "हलू नको गं बाळा." काटा नऊ किलो सहाशेवर थांबला. त्यांनी सही केली. "गुटगुटीत आहे. आठ भरली, आता काळजी नाही."

त्या गेल्यावर मी झोळीत हात घातला. आत कुणी नव्हतं. कापड कोमट लागलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता.

मग मोनिकाचा फोन आला.

"आई... घाबरू नको. मला दिवस गेले न्हाईत, कधीच गेले न्हाईत, तुला माहितीय. पण दुपारपासनं ड्रेस भिजतोय... दूध येतंय, आई..."

नाव खोडायला मी पेन काढलं. मावशी पातेलं घासत होती. तिच्याकडे बघितलं आणि पेन ठेवून दिलं.

त्याला आता पाच महिने झाले. झोळी दर वेळी मी लिहीन तेवढंच वजन दाखवते. मोनिका दर महिन्याला दोनशे ग्रॅमनी उतरतेय, आणि डॉक्टरांना काही सापडत नाही.

उद्या परत वजनाचा दिवस आहे. परवाच ठरवलं, या वेळी प्रांजलचा रकाना कोराच ठेवायचा. काल रात्री मोनिकाचा फोन आला होता. म्हणाली, "आई, सारखं कुणीतरी भुकेनं रडतंय... तुझ्याकडंय का?"