मेहिटेबलचा तिसरा हिस्सा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही, त्यासाठी माझा सख्खा भाऊ पुरेसा आहे.

आणि रात्रीची नाही हं. भरदिवसाची आहे.

मागच्या वर्षी, थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस. बुधवार. दुपारचे पावणेचार. मॅसॅच्युसेट्समधलं आमचं जुनं लाकडी घर. गावाचं नाव सांगणार नाही, रिकामटेकडे लोक गाड्या घेऊन बघायला येतात.

मी लोइस प्रॅट. वय एकसष्ट. तेवीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही बर्फात. उगाच किंचाळणारी बाई मी नाही.

घरात आम्ही दोघीच. मी आणि आई. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने अंथरुणाला खिळलेली. तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं.

"लोइस, मला वृद्धाश्रमात टाकू नकोस. माझ्या घरात, माझ्या पलंगावर मरू दे."

मी हो म्हटलं होतं.

दोघीच म्हटलं खरं, पण घरात तिसरीही होती...

मेहिटेबल.

तिची हकिगत घरच्या कागदांत होती. पत्र्याची एक पेटी, तिच्यात अडीचशे वर्षांपूर्वीची पत्रं, इंग्लंडच्या राजाशी लढाई चालू होती तेव्हाची. आमचा पूर्वज जोसाया लष्कराच्या छावणीत देवी येऊन मेला. मागे राहिली त्याची दुसरी बायको मेहिटेबल, आणि पहिलीचा मुलगा एल्काना. तेव्हाच्या कायद्यानं विधवेला हयातभर नवऱ्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळायचा. कोर्टाची तीन माणसं आली आणि त्यांनी अख्खं घर मापून वाटून दिलं. त्याचा कागद होता पेटीत. पश्चिमेची खोली तिची. चुलीची डावी बाजू तिची. तिथून मागच्या दारानं विहिरीपर्यंत जायची वाट तिची. त्यापलीकडे तिनं पाऊल टाकायचं नाही.

एल्कानाला तेवढंही बघवलं नाही. त्यानं लढाईवर गेलेल्या भावाला लिहिलंय, "ती बाई आजही चुलीपाशी आली होती. मी तिच्या खोलीचं दार बाहेरून खिळे ठोकून बंद केलं आहे."

पुढचं पत्र नऊ दिवसांनंतरचं. जानेवारी महिना.

"कालपासून दार वाजत नाही. आता घर आपलं."

आणि त्याच ओळीला लागून गाय व्यायल्याची बातमी! हा आमचा पूर्वज. लाज वाटते.

ती मेली, पण गेली नाही.

रोज दिवेलागणीला पश्चिमेच्या खोलीतून पावलं निघायची. स्वयंपाकघरात, जुन्या चुलीच्या जागी आता शेगडी आहे, तिच्या डाव्या बाजूला थांबायची. मग मागच्या दाराकडे... आणि बंद. माझ्या आजीनं ऐकली, आईनं ऐकली, मी लहानपणापासून ऐकली. शेगडीच्या डाव्या बाजूला आम्ही कधी भांडं ठेवलं नाही.

आई म्हणायची, "तिला तिच्या वाटेनं जाऊ दे. आपण आपल्या जागेत राहायचं."

आणि पावलं कधीच, एकदाही, त्या वाटेबाहेर गेली नाहीत. आईची खोली पूर्वेला होती.

मग उपटला वॉरन. माझा धाकटा भाऊ. निवृत्त इतिहास शिक्षक, बॉस्टनला असतो, आईला वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. देशाला अडीचशे वर्षं होणार म्हणून गावात प्रदर्शन भरणार होतं, आणि ह्याला आमची पेटी तिथल्या इतिहास मंडळाला द्यायची होती.

"अगं, काचेच्या कपाटात राहतील कागद. इथे उंदीर खातील."

"अडीचशे वर्षांत खाल्ले नाहीत, ते आता खाणार होय?"

"सरळ सांग ना, भुताला घाबरतेस!"

ते झोंबलं मला. आणि खरं सांगते, मी थकलेही होते. आईचं करायचं, घरातली सगळी कामं उपसायची आणि वर त्या पावलांची रोजची कटकट. वाटलं, कागद गेले की तीही जाईल. आईला विचारलंसुद्धा नाही. सोमवारी मी स्वतः पेटी उचलून वॉरनच्या गाडीत ठेवली.

सोमवारी संध्याकाळी पावलं आली नाहीत.

मंगळवारीही नाहीत.

मी खूश! बुधवारी दुपारी जन्मात पहिल्यांदा शेगडीच्या डाव्या बाजूला पातेलं ठेवलं. भोपळा शिजत होता, सणाच्या गोड 'पम्पकिन पाय'साठी. आई आतून ओरडली, "दालचिनी जास्त घालू नकोस हं, मागच्या वर्षी औषधासारखं लागलं होतं!"

"मग उठ आणि तूच कर!" मी म्हटलं. ती हसली.

तेवढ्यात...

पश्चिमेच्या खोलीत पाऊल वाजलं.

मग दुसरं. नेहमीपेक्षा जड.

ती शेगडीपाशी आली. पातेलं आपोआप सरकलं आणि धाडकन जमिनीवर पडलं. गरम भोपळा माझ्या पायावर उडाला. मी ओरडले नाही. मी ऐकत होते. आता ती मागच्या दाराकडे वळेल...

वळली नाही.

माझ्या पाठीमागून गेली. इतक्या जवळून, की मानेवर गार हवा लागली.

पावलं बोळात शिरली. पूर्वेकडे. आईच्या खोलीकडे.

मी धावले. मी पोचायच्या आत दार माझ्या तोंडावर बंद झालं.

आणि मग... ठक. ठक. ठक.

खिळे ठोकल्याचा आवाज. मी त्याच दारासमोर उभी, दारावर काही नाही, कोणी नाही. प्रत्येक ठोक्याला फळी माझ्या हाताखाली हादरत होती.

आतून आईचा आवाज आला. "इथे नाही, बाई. इथे नाही. तुझी बाजू तिकडे."

मग आई एकदम गप्प झाली.

मी वॉरनला फोन लावला. "कागद परत आण! आत्ताच्या आत्ता!"

"डोकं फिरलंय का तुझं? मंडळाला कुलूप लागलंय. सोमवारी उघडेल. तू आधी पाणी पी."

"वॉरन, आई आत आहे!"

तो हळूच म्हणाला, "लोइस... ते ठोकतंय कोण?"

मी फोन टाकला आणि मागच्या पडवीतून लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली. दार तोडलं. माझ्या आजोबांच्या हातचं दार होतं ते. त्यात एकही खिळा नव्हता.

खोलीत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. हीटर चालू होता, मी हात लावून बघितलं. पलंग रिकामा.

आठ महिने उभी न राहिलेली माझी आई खिडकीखालच्या कोपऱ्यात बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले. ओठ निळे. आणि तिच्याभोवती जमिनीवर खडूची पांढरी रेघ, पट्टी धरून मारावी तशी सरळ. माणूस नीट आडवाही होणार नाही एवढीच जागा.

"आई!"

"रेघ ओलांडू नकोस," ती कुजबुजली. "तिनं मोजून दिलीय. एवढीच माझी."

मी ओलांडली. तिला उचललं. ती माझ्या हातात इतकी ओरडली की अजून कानात आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्या बर्फात किती वेळ होत्या? मी म्हटलं, घरात होती. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ना...

सोमवारी वॉरननं पेटी परत आणली. ह्या वेळी टोमणा नाही, काही नाही. मान खाली. आम्ही ती जागेवर ठेवली. त्या संध्याकाळी पावलं माजघरात वाजली, जिन्यावर वाजली, वरच्या सगळ्या खोल्यांत वाजली. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले ते. त्या कागदात तिचा हक्क होता, तशी तिची हद्दही होती. तो घरात होता तोवर तिनं ती पाळली. आम्हीच तो उचलून बाहेर दिला. आता ती कशाला ऐकेल? तिचं कधी कोणी ऐकलं होतं?

आम्ही घराला कुलूप लावलं. मी वचन मोडलं. आई आता वृद्धाश्रमात आहे.

खोली चांगली आहे. उबदार, मोठी खिडकी. पण आई पलंगाच्या एका कडेला अंग चोरून निजते. नर्स म्हणतात, पाणी प्यायच्या आधीही ती परवानगी विचारते. "घेऊ का?" आणि विचारताना नर्सकडे बघत नाही.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, कोणाला विचारतेस तू? इथे तू आणि मीच आहोत."

आईनं माझा हात घट्ट धरला.

"हळू बोल, बाळ," ती म्हणाली. "पेटी तू दिलीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही."