पखवाजाची ओली कणीक

लेकीची शपथ उगाच घेऊ नये, तरी घेते. ही गोष्ट माझ्याच घरात घडली. मनू, माझी दीड वर्षाची लेक, आत्ता झोपलीय, तेवढ्यात लिहून काढते.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. २०१९ च्या मे महिन्यातली भरदुपार होती... उस्मानपुऱ्यातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

माझा नवरा मुकुंद पखवाज वाजवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं तो घुमतो. वाजवून झालं की खरवडून गाईला द्यायची. मी कितीदा मळून दिली! मुकुंद म्हणायचा, "सैल झाली गं." नाहीतर, "घट्ट झाली."

आधी ही कणीक उमा मळायची. त्याच्या गुरुजींची मुलगी. अगदी लहानपणापासून. २०१३ च्या दुष्काळात काविळीनं गेली. पुढं गुरुजींचं घर पाडून बिल्डिंग उभी राहिली, आणि मुकुंदनं हट्टानं त्याच जागेवर फ्लॅट घेतला.

तिच्याबद्दल तो कधीच बोलायचा नाही.

बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाहेरगावची कामं तो नेहमी नाकारायचा. म्हणायचा, "हे गाव सोडलं की माझा हातच चालत नाही." पण त्या उन्हाळ्यात बोअर आटला, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पुण्याच्या एका संगीत शाळेनं बोलावलं, तेव्हा मनूकडं बघून तो हो म्हणाला.

मी हरखून सामान बांधायला घेतलं.

त्या दुपारी तो बाहेर गेला होता. टँकर आला नव्हता. घरात मनूचं उकळलेलं बाटलीभर पाणी, बाकी भांडी पालथी. आतल्या खोलीत मनू रडत होती...

आणि एकदम गप्प झाली.

थप्...

थप्... थप्.

कुणीतरी कणीक थापत होतं.

मी धावले. मनू पखवाजाजवळ बसून कोपऱ्याकडं बघत हसत होती.

कोपऱ्यात कुणीच नव्हतं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक होती. ओली. मधोमध अंगठ्याचा ठसा.

मनूची बाटली मात्र तशीच काठोकाठ भरलेली.

कामाच्या द्वारकाबाई दारातच थबकल्या. त्या गुरुजींकडंही कामाला होत्या.

"ताई... उमाताई असाच अंगठा दाबायच्या मधी."

"काहीतरीच! मुकुंदनं लावली असेल सकाळी."

"या उन्हात? सकाळची असती तर दगड झाला असता. अन् पाणी कुठलं वो?"

मला भीती वाटायला हवी होती.

मला राग आला. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या पखवाजाला!

नखांनी खरवडून काढली सगळी. बोटं गार पडली. खाली नेऊन गाईपुढं टाकली. गाईनं हुंगलं...

आणि मागं सरली.

वर आले तर कणीक पुन्हा तिथंच. तसाच अंगठा.

संध्याकाळी मुकुंद आला. सहज एक थाप मारली. पखवाज असा घुमला, की पालथी भांडी किणकिणली.

"वैदेही! आज जमली गं तुला!"

लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाला तो असं.

"मी नाही लावली," मी म्हणाले.

"मग?"

मी बोट दाखवलं. एवढी थाप बसूनही ठसा तसाच होता.

तो बघत राहिला. घाबरला नाही. त्या ठशात हळूच आपला अंगठा ठेवला... आणि हसला.

माझ्याकडं बघून तो असा कधी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याला नकार कळवला.

"अरे, का पण? मनूचं काय?"

"इथंच बरंय गं आपल्याला."

बांधलेलं सामान मीच सोडलं.

आता कणीक रोज तयार असते. टँकर येवो न येवो. मी विचारत नाही. नवऱ्याचं एक वेळ गिळलं असतं मी. तिचा तो माझ्याही आधीपासूनचा.

पण आत्ता लिहिता लिहिता मनूकडं लक्ष गेलं. मूठ घट्ट मिटलेली. हळूच उघडली...

ओल्या कणकेची गोळी. मधोमध तोच अंगठ्याचा ठसा.

मी ती हिसकून घेतली. मनू झोपेतच कळवळून रडली.

थोपटायला मी हात उचलला...

त्याआधीच ती शांत झाली.