सहावी बाजू

नेवाशाच्या बाजारात मच्छिंद्रला सगळे भाऊ म्हणायचे. मुक्ताच्या जिभेवर मात्र तो 'भाऊ' सहा बाजार झाले तरी येत नव्हता. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

पहिल्या बाजाराला ती त्याच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात शिरली ती तीन रेकॉर्डी घेऊन. बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या भावानं, कानिफनाथनं, विलायतेतल्या एका बँडच्या सुरुवातीच्या तीन रेकॉर्डी पाठवलेल्या. 'क्रमानं ऐक,' असं पत्रात लिहिलेलं, आणि घरात साधा रेडिओही नाही. मच्छिंद्रनं सवयीनं वरचीच, म्हणजे तिसरी, उचलून लग्नात भाड्यानं द्यायच्या, चावीच्या जुन्या फोनोवर चढवली. पोलादी सुईनं कर्र... असा ओरखडा उठला. बिचारा इतका ओशाळला की विचारू नका.

"विजेवरचं मशीन हाय दुसरं. दर बाजाराला या, एक-एक बाजू ऐकवतो."

"एकदम सगळ्या न्हाई?"

"घाई केली की काय हुतं, बघितलं ना?"

दुष्काळाचं साल. लग्नं थोडी, कर्णे भिंतीला टांगलेले. दोघं ऐकत बसायची. पहिल्या रेकॉर्डीत ती पोरं नुसती गिटारी बडवत होती. दुसरीत पेटीसारखं काहीतरी आलं, बासरी आली. तिसरीत गाणं सुरू झालं ते बाजू संपेपर्यंत थांबेचना. "ह्यांना मुखडा-अंतरा कुनी शिकवला न्हाई काय?" तो म्हणायचा, आणि डोळे मिटून ऐकायचा. मग ती त्याच्याकडं पोटभर बघून घ्यायची.

आज सहावी बाजू. शेवटची. उद्या श्रीरामपूरचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. तिनं आल्या आल्या ते सांगून टाकलं. तो "बरं" म्हणाला आणि सुई ठेवली. नुसतं बरं. बाजू वीस मिनिटांची, एसटी पाचची. तेवढ्यात हा माणूस बोलला नाही, तर संपलंच सगळं.

ढोल वाजले, पेटी घुमली... तो फिरत्या रेकॉर्डीकडं बघत राहिला. मग तो पहिल्या दिवशीचा ओरखडा आला आणि सुई अडकली. तेच दोन सूर... पुन्हा तेच... पुन्हा...

"पुढं ढकला की."

त्यानं हात हलवला नाही.

"एसटी लागली असंल माझी."

"ढकलली तर संपंल," तो म्हणाला. "मग तुमी कशाला येताय हिथं?"

"रेकॉर्डीसाठीच येत हुते व्हय मी?"

तो मान वर करीना. "माज्याकडं हे कर्णे अन् मशीन. त्यांचा बागायती ऊस. मी कोनत्या तोंडानं मागनी घालू?"

"ह्याच," ती म्हणाली. मग बोलून गेली, "आबा माझं ऐकत्यात. कुनी विचारायला तर पायजे..."

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. मुक्तानं स्वतःच बोटानं सुई हलकेच पुढं सारली. गाणं सुटलं. ती पिशवी उचलून दाराशी गेली.

"शेवट ऐकायचा न्हाई?"

"उद्या घेऊन या रेकॉर्ड. तुमच्या मामालाबी आना, बोलनी करायला." पायरीवरून ती मागं वळली. "आठच्या आत या. पाव्हनं साडेनवाला येनार हायेत."