काळ्या कानांचा फोटो

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली, तेव्हा माझ्या मनात जे विचार आले ते काही शहाण्या माणसाचे नव्हते. दोर तुटणार. हवा संपणार. आणि हातातल्या खोक्यातले मोठे प्रिंट घामाने खराब होऊन मामा माझ्यावर ओरडणार... मी मेले तरी ओरडणार.

"आत कोण आहे?" वरून, कुठून तरी लांबून आवाज आला.

"मी!"

"मी म्हणजे?"

"तिसऱ्या मजल्यावरचा फोटो स्टुडिओ! दोर तुटलाय का?"

"दोर शाबूत आहे. मोटर रुसलीय. दाराला हात लावू नका, मी चाक फिरवून आणतो तुम्हाला. वजन किती असेल?"

"हा काय प्रश्न झाला?"

"तुमचं नाही हो—" आवाज गडबडला. "पायाशी काहीतरी ठेवल्याचा आवाज आला मघाशी, म्हणून..."

"प्रिंटचं खोकं आहे. आणि मला फार भीती वाटतेय."

"मग बोलत राहा. मी ऐकतोय."

मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवलं की अजून कसंतरी होतं. मला पालीची भीती वाटते इथपासून, संप झाला तर शाई कुठून आणायची इथपर्यंत सगळं. लिफ्ट आचके देत वर सरकली, थांबली, आणि थोड्या वेळाने कोणीतरी जिना धडाधड उतरत आलं. दार उघडलं. निळा डांगरी पोशाख, कपाळावर वंगणाचा पट्टा, आणि कान... कान लालबुंद. जिने उतरून आलाय बिचारा, मी म्हटलं.

"पाल नाहीये इथे," तो म्हणाला. "बघितलं मी."

मी 'थँक्यू' म्हणायचं सोडून खोकं छातीशी धरून पळाले.

माझं काम स्टुडिओच्या मागच्या खोलीत. मामाने फोटो काढायचे आणि मी ते कॉम्प्युटरवर घेऊन रंगीताचे ब्लॅक अँड व्हाइट करायचे. लोक म्हणतात, त्यात काय, एक बटण दाबलं की झालं. बटण दाबून जे येतं त्याला मामा 'राखाडी वरण' म्हणतो. आमच्याकडचा काळा कसा दाट पाहिजे, पांढरा उजळ पाहिजे, आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या छटा पाहिजेत. त्यासाठी लांबलांबून लोक येतात. बाकी माझा स्वभाव काळजीचा. मामा मला 'काळजीवाहू सरकार' म्हणतो, आणि हे सरकार कधी पडत नाही म्हणून हसतो.

त्या आठवड्यात त्याचीच पाठ धरली. तो घरी आडवा, आणि काउंटरवर मी एकटी. बेल वाजली. लिफ्टवाला! केस ओले करून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर वंगण नाही.

"फोटो काढायचाय," तो म्हणाला. "चांगला."

"मामा नाहीये. मी आतलं काम करते. मला कॅमेरा—"

"मला लिफ्टमधे बसायची भीती वाटते," तो घाईने म्हणाला.

"काय?"

"दुरुस्त करताना नाही वाटत. बसताना वाटते. तुम्ही त्या दिवशी एवढं सगळं सांगितलंत, म्हटलं आपणही एक सांगावं."

मी हसले. हसत हसतच मामाचा कॅमेरा उचलला. त्याला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तर हा टोमॅटो! गाल, कान, मानेपर्यंत सगळं लाल.

"तुम्हाला ताप आहे का?"

"नाही."

"दिवे बंद करू थोडा वेळ?"

"नको. काढा तसाच. ब्लॅक अँड व्हाइटमधे लाली जाते ना? आत्या म्हणाली, तिथूनच करून आण."

"जाते," मी म्हटलं. "फोटो कशासाठी हवाय?"

तो शर्टाच्या बटणाशी खेळत राहिला. "आत्याने एक मुलगी पाहिलीय. तिच्या घरच्यांना पाठवायचाय."

मला वाईट वाटलं. का वाटावं? जेमतेम दोनदा भेटलेला माणूस. मी स्वतःला चांगलं खडसावलं आणि बटण दाबलं. हात हलल्यामुळे तो पहिला फोटो फुकट गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो फोटो बघायला आला. मी शेजारी खुर्ची दिली आणि आम्ही सगळ्यांना दाखवतो तेच दाखवलं. प्रत्येक रंगीत फोटोच्या पोटात तीन फोटो असतात, लाल, हिरवा आणि निळा, आणि प्रत्येक नुसता काळापांढरा.

"हा लाल. बघा, कातडी कशी उजळली. जे जे लाल, ते इथे फिकं पडतं. तुमची लाली गायब."

"अरे वा!"

"आणि हा निळा. तो कोणाचं काही झाकत नाही. तीळ, पुटकुळ्या, लाली, सगळं काळं करून दाखवतो."

निळ्यात त्याचे कान कोळशासारखे दिसत होते. तो पुढे वाकला. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता आणि त्याखाली थोडासा वंगणाचा. "बाप रे! हा नको पाठवायला."

"कोणीच पाठवत नाही. आम्ही तिन्ही मिसळतो. तुमच्यासाठी लाल बराच, हिरवा थोडा... डोळ्यांपुरता निळा."

"डोळ्यांपुरता का?"

"डोळे दाट दिसतात." एवढं बोलून मी उगाचच पडद्यावरची धूळ पुसली.

मी तो फोटो जीव ओतून केला, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. काम जितकं चांगलं होईल तितकी ती मुलगी हो म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. बरं, वाईट करावं तर हात वळत नव्हता. डोळ्यांत ओलसर काळेपणा उतरला, कपाळावर मऊ उजेड आला, आणि मी खुर्चीत मागे टेकून चक्क रडकुंडीला आले. कोण ती, कुठली, तिला मी माझ्या हाताने हा असा नटवून पाठवणार होते.

तो मात्र समाधानी नव्हता. "नाक जरा मोठं वाटतंय," एक दिवस म्हणाला. नाकाची सावली हलकी केली. "आता कॉलर फार पांढरी झाली." कॉलर दाबली. "मागचा पडदा उदास दिसतो का हो?" रोज जेवणाच्या सुट्टीत एक खोट. रोज माझ्या शेजारची खुर्ची, रोज डब्यातलं अर्धं सफरचंद माझ्यापुढे सरकवलेलं.

"तुम्ही लिफ्टच्या बाबतीतही एवढी नावं ठेवता?" मी एकदा चिडून विचारलं.

"लिफ्ट लवकर दुरुस्त होतेय," तो म्हणाला, आणि त्या बातमीवर खूश असल्यासारखा काही दिसला नाही.

म्हणजे फोटोची एवढी काळजी! त्या मुलीसाठी! मी घरी जाऊन आईवर उगाच डाफरले, रात्रभर कूस बदलली, आणि सकाळी ठरवलं की आता हा फोटो देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं. पण त्याच दिवशी मामा पट्टा बांधून कामावर आला. तक्रारींचा पाढा ऐकून त्याने हुकूम सोडला, "फोटोच नवीन काढू. गिऱ्हाईक नाराज होऊन जायला नको."

त्याने आपले जुने पिवळे दिवे लावले. त्या दिव्यांत माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो, पण ब्लॅक अँड व्हाइट झक्क येतं. मी मागच्या खोलीतच बसले. शेवटी मामाने हाक मारली, "अगं, तो पांढरा पुठ्ठा धर जरा, चेहऱ्यावर उजेड परतू दे!" मी गेले, पुठ्ठा धरला, खाली बघत उभी राहिले आणि परत आले.

दुपारी ते फोटो उघडले. रंगात सगळेच पिवळे, त्यात काही कळायला मार्ग नव्हता. सवयीने आधी निळा पाहिला, कारण दोष तिथे दिसतात. आणि मी थबकले.

कान काळे नव्हते. मान नाही, गाल नाही. तोच माणूस, तेच कान, पण अगदी साधे राखाडी. पुढचा फोटो, तोच प्रकार. त्याच्या पुढचाही तसाच. मग शेवटचा फोटो आला, पुठ्ठ्याचा, आणि त्यात कान... काळेकुट्ट.

उठून बाहेर गेले. "मामा, शेवटच्या फोटोला दिवा बदललास?"

"नाही."

"जवळ घेतलास?"

"नाही गं. का? काय बिघडलं?"

"काही नाही."

परत येऊन मी माझे, पहिल्या दिवशीचे फोटो उघडले. एकूण एक काळ्या कानांचे. म्हणजे त्याला कॅमेऱ्याची लाज वाटत नव्हती. मामाच्या कॅमेऱ्यापुढे तो निवांत बसला होता. म्हणजे... आणि इथे माझा नेहमीचा उद्योग सुरू झाला. उकाड्यामुळे असेल. पुठ्ठ्याची सावली पडली असेल. माझ्यावर राग असेल, रागानेही कान तापतात! पण रागावलेला माणूस रोज अर्धं सफरचंद देतो का? मला आनंद झाला होता, आणि आनंदाची मला सवय नसल्याने मी तो भीतीसारखाच घेत होते.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली होती. सकाळपासून ती आवाज न करता खालीवर करत होती, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की माझा जीव वर येत होता. दुपारी तो आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"निघालो," तो म्हणाला. "दुसरीकडे काम लागलंय. फोटो... झाला असेल आता?"

"झाला." मी पाकीट पुढे केलं. परत घ्यावंसं वाटलं, पण त्याने उघडलं होतं.

आत दोन प्रिंट होते. दोन्ही निळ्यातून काढलेले, न मिसळता, न झाकता. मामाच्या स्टुडिओतून असं काम आजवर बाहेर गेलं नव्हतं. तो एकदा या फोटोकडे बघे, एकदा त्या.

"हे काय? एकात कान काळे..."

"हा नुसता मामा समोर असतानाचा," मी म्हटलं. "आणि हा, मी पुठ्ठा धरला तेव्हाचा. दिवा तोच आहे. मी विचारलंय मामाला. उकाडाही... तेवढाच होता."

त्याने प्रिंट काउंटरवर ठेवले. मला वाटलं, झालं, हसं करून घेतलंस. आता हा मामाला सांगणार, मामा आईला सांगणार, आणि मी उद्यापासून तोंड कुठे लपवू? मग मी वर पाहिलं. समोर टोमॅटो उभा होता.

"पकडलंत," तो म्हणाला.

"मग... मग नाकाला आणि कॉलरला नावं का ठेवत होतात?"

"फोटो झाला असता तर यायला निमित्त काय उरलं असतं? आत्याला रोज सांगतोय, अजून नीट आला नाही, अजून नीट आला नाही. ती म्हणते, अरे तू काय नाण्यावर छापायला राजाचा फोटो काढतोयस?" त्याने पिशवी खाली ठेवली. "मला तुम्ही आवडता. लिफ्टमधून पालीची भीती सांगत होतात, तेव्हापासून. तोंडाने बोलायला जमत नव्हतं... आणि कान बोलतात हे मला कुठे माहीत होतं?"

मला 'मलाही' म्हणायचं होतं. इतक्यात त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आत्या!"

"घ्या."

"काय सांगू?"

"खरं सांगा."

त्याने घाबरून फोन उचलण्याऐवजी आधी त्या काळ्या कानांच्या प्रिंटचा फोटो काढला आणि पाठवून दिला. मग पुन्हा फोन, आणि आत्याचा आवाज एवढा दणदणीत की पडद्यामागे मामानेही ऐकला असणार.

"अरे, हे काय पाठवलंस? कान जळाल्यासारखे दिसतायत! ती माणसं काय म्हणतील? एवढे दिवस लावून कोणी बिघडवला हा फोटो?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं की हा आता 'स्टुडिओची चूक झाली' म्हणेल, कारण त्याला दुसरं काही सुचणार नाही, आणि मग आत्या म्हणेल नवीन काढ, आणि तो नवीन फोटो खरंच जाईल. मी हात पुढे केला आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"आत्या," मी म्हटलं, "मी बिघडवला."

"तू कोण गं?"

"फोटो करणारी." मी मोठा श्वास घेतला. "चुकून नाही, मुद्दाम बिघडवला. आणि त्या मुलीसाठी मी दुसरा करून देणार नाही."

पडद्यामागे मामाची खुर्ची करकरली. लिफ्टवाल्याने माझा गार पडलेला हात आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही.

"बरं," शेवटी आत्या म्हणाली. "मग तुझा तरी एक पाठव."