वाढीव अर्धा तास

दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडसाठी मी पहाटे घर सोडलं, तेव्हा मुलगी अर्धवट झोपेत "पडू नकोस" म्हणाली. गेल्या वर्षी थोडक्यासाठी ठरलेली वेळ चुकली होती. यंदा प्रत्येक सुट्टी मी घाटात घालवली. माझ्यासारख्या नर्सला सुट्ट्या मिळतात किती आणि त्यातल्या घरी किती लागतात, हे तिलाच विचारा.

पहिला चढ मी हलक्या गिअरवर, बसूनच काढला. माथ्यावरच्या वाऱ्याने भिजलेली पाठ गार पडली. उतारावर तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. एका वळणावर कठड्याशी सायकल आडवी पडलेली दिसली. तिच्याखाली एक माणूस होता. त्याच्या मांडीखालचा रस्ता ओला होता. मला बघून त्याने हात वर केला.

रक्त किती वेगाने जातंय, ते मला लांबूनही कळतं. मागून बरेच जण येताहेत, कुणीतरी थांबेलच, असं मनाशी म्हणत मी ब्रेक सोडला.

पुढच्या थांब्यावर केळी वाटणारे काका मला पाहून उठून उभे राहिले. अँब्युलन्सवाल्यांचा फोन आला होता म्हणे. माझ्या पाठीवरच्याच नंबरची बाई त्या माणसाची मांडी घट्ट दाबून बसली होती, म्हणून तो वाचला.

"अहो, ती मी नव्हते," मी म्हणाले.

काका हसले. एवढा विनय बरा नव्हे, म्हणाले. मदतीत गेलेल्या वेळेबद्दल मला अर्धा तास वाढवून मिळाला होता.

तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतं. पण समोर दुसरा चढ दिसत होता आणि माझे पाय भरून आले होते. मी केळं खाल्लं आणि निघाले.

त्या चढावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी मी दर वळणाला मागे बघत होते. हातमोज्यांच्या आत काहीतरी ओलं, कोमट लागत होतं. थांबून मोजे काढले. हात कोरडे होते.

शेवटी पोचले ती त्या वाढीव अर्ध्या तासातच. गळ्यात पदक पडलं, टाळ्या वाजल्या. पदक खिशात कोंबून मी तशीच त्याला नेलं होतं त्या हॉस्पिटलात गेले. निदान त्याला तरी खरं सांगायचं होतं.

त्याची बायको औषधं घेऊन नुकतीच परतली होती. अँब्युलन्सवाल्यांनी सांगितलेला नंबर माझ्या पाठीवर दिसताच तिने माझे दोन्ही हात धरले. तिला रडू आवरेना. ती मला तशीच आत घेऊन गेली.

तो जागा होता. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"ह्या नव्हेत," तो बायकोला म्हणाला. "ह्या बघून पुढे गेल्या."

"अहो, असं काय बोलता? नंबर तोच आहे."

"त्या आत्ताच गेल्या इथून. घरी मुलगी एकटी आहे म्हणाल्या."

बायकोने माझे हात सोडले.

माझा मोबाइल केव्हाच बंद पडला होता. खाली काउंटरवरच्या फोनवरून मी घरी फोन लावला.

मुलीनेच उचलला.

"बाळा," मी म्हणाले.

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं.

"आई हात धुतेय," ती म्हणाली. "कुणाचं तरी रक्त लागलंय तिला. आपण कोण बोलताय?"